दाढदुखीची पाहुणी

तालाकुप
गुरुवार, १९ जानेवारी

तोनिना,

फोन केला की तुझी सासू स्पीकर लावायला सांगते, आणि मग मी आपली "जेवलात का, पाणी किती चढलंय" एवढंच बोलत बसते. म्हणून हे पत्र. शनिवारी पास्तिलच्या टोपलीत तळाला ठेवीन, केळीच्या पानात बांधलेल्या भाताच्या पुड्यांच्या खाली. कागदाला कोंबडीचा रस्सा लागला तर नाक मुरडू नकोस. धाकटी बहीण म्हणून लहानपणी माझ्याच पानातला भात ओढून खायचीस.

आधी आनंदाची बातमी. तंटे मिटवणारे आपले दातू काल आपल्या मांतिल दादाकडे आले होते. पुढच्या महिन्यात दोन्हीकडचे लोक जुन्या भातगिरणीत समेटाला बसणार, हे नक्की झालं. आणि ऐक, चटईवर दोन बायका बसणार. तुझ्या सासरच्या सुलुनकडून तू, आमच्याकडून मी. दादा म्हणाला, "चहापाणी बघायला ना?" दातू म्हणाले, "चहा तू कर मांतिल, त्या बसतील." दादाचं तोंड असं झालं की मी फडक्यात तोंड खुपसून हसले.

हे तुझ्यामुळे झालं हे मी सगळ्यांना सांगते. मासे अडवायच्या कुडावरून भांडण काय, त्यात तुझा दीर गेला, मग दादाचा थोरला गेला, आणि तेव्हापासून दोन्हीकडचे पुरुष घरात कोंडलेले. बाहेरचं सगळं आपल्यावर. बाईवर बंदूक रोखायची नाही, ही आपल्याकडची रीत आजीच्या आजीपासूनची. पण आपल्या बांधावरून माहेरच्या बायकांना बाजाराला जाऊ द्या, असं सासरी उभं राहून बोलायची छाती तुझीच. "या वाटेवर पुरुष येणार नाही, हत्यार येणार नाही, माझा शब्द," असं तू सासूच्या तोंडावर म्हणालीस. दादाने तुझं नाव टाकलंय, घरात तुझा विषय निघाला की उठून जातो. पण त्याच्या घरची मीठमिरची तुझ्या शब्दावर येते, हे त्याला कळतं.

बाजाराच्या वाटेवरच्या आपल्या ओम्बायने तुला सलाम सांगितलाय. परवा तुमच्या पहाऱ्याच्या खोपटीपाशी एक नवा पोरगा बसला होता. ओम्बाय ही अशी माडासारखी उंच, आवाज ढोलासारखा. तो दचकून म्हणाला, "हा कोण?" ओम्बाय म्हणाली, "तुझी होणारी सासू. नीट बस." आम्ही बांधावरून गिरणीपर्यंत हसत गेलो.

एक काळजी आहे, ती तुलाच सांगते. दादाचा धाकटा, कुसाइन. थोरल्या भावाचा सूड आता त्याने घ्यायचा असं सगळे त्याला रोज ऐकवतात. बंदूक आणून त्याच्या उशाशी ठेवलीय. पोराला बंदुकीपेक्षा मोटारसायकलचं इंजिन खोलायला आवडतं. वहिनी माझ्यापाशी येऊन रडते. समेटाआधी या पोराने काही केलं तर तुझी-माझी चटई गुंडाळलीच म्हणून समज.

तुझी,
गियामिला

तालाकुप
गुरुवार, २ फेब्रुवारी

तोनिना,

घाईत लिहिते, शनिवारची वाट न बघता उद्याच एकीच्या हाती पाठवते. या शनिवारी आमच्यात एक बाई जास्त असेल. वहिनीची मावसबहीण, कोताबातो शहरातली, इथे अडकून पडली होती. तिची दाढ सुजलीय, तोंड बांधून असेल, बोलता येत नाही बिचारीला. खोपटीवरच्या पोरांना आधीच सांगून ठेव, उगाच तिला काही विचारत बसतील. तू सांगितलंस की कोणी हटकणार नाही.

गिरणीत तू भेटशील तेव्हा तिच्याशी बोलायला जाऊ नकोस, तिला लाज वाटते. पुढच्या वेळी सावकाश बोलू.

गियामिला

तालाकुप
मंगळवार, ७ फेब्रुवारी

तोनिना, माझ्या बाई,

पाहुणी सुखरूप पोचली. तू खोपटीपर्यंत स्वतः आलीस, पोरांना म्हणालीस "ही माझी पाहुणी, वाट सोडा." वर तिच्यासाठी लवंगा आणल्यास फडक्यात बांधून. एवढं करायची काय गरज होती गं? मी तुला कितीदा सांगितलंय, लोकांसाठी इतकं करू नये.

त्या लवंगा अजून माझ्याकडे आहेत. तिने घेतल्या नाहीत.

सुक्या माशांची परडी पाठवतेय, तुझ्या नासरूला आवडतात. त्याची शहरातली शाळा कशी चाललीय? मास्तर झाला की मला वाचायला चष्मा घेऊन देणार होता, आठवण कर म्हणावं. इकडे सगळं ठीक. दादा कधी नव्हे ते खुशीत आहे.

तुझी,
गियामिला

तालाकुप
शुक्रवार, ३ मार्च

तोनिना,

तू गेल्या शनिवारी गिरणीत आली नाहीस तेव्हाच मी समजले. आता हे पत्र मदरशाच्या उस्तादांबरोबर लांबच्या रस्त्याने पाठवतेय. फाडून टाकायचं तर टाक, पण आधी वाच.

होय. ती पाहुणी कुसाइन होता.

तुला सगळं कळलंच असणार, पण माझ्या तोंडून ऐक. दादा शेजारच्या लग्नात जेवायला बसला होता, चार माणसं जमली, गप्पांना रंग चढला आणि त्याच्याने राहवेना. "सुलुनवाल्यांच्या नाकाखालून माझा पोरगा आत्याचा मालोंग नेसून गेला! आणि त्यांच्याच सुनेने त्याला वाट मोकळी करून दिली!" मांडीवर थाप मारून सांगितलं म्हणे. झाकली मूठ सव्वा लाखाची, पण आपल्या पुरुषांना मूठ झाकून ठेवता येते कुठे? त्या मांडवातल्या निम्म्या माणसांची तुमच्याकडे सोयरीक आहे.

मी दादाला सोडलं नाही. पण दादाला शिव्या देऊन माझं काम संपत नाही. तो पुढे बडबडला. डोकं माझंच होतं. वहिनी म्हणाली, पोराला कसंही करून काढ. मी म्हटलं, एवढंच ना? बायकांच्या वाटेने काढू. मला वाटलं, सुंठीवाचून खोकला जाईल. पोरगा शहरात, बंदूक उशाशी एकटी पडलेली, सूड घेणाराच जाग्यावर नाही, समेट सुखाने होईल. तुझ्याच भल्याचं करतेय असंही मी मनाशी म्हटलं. खरंच म्हटलं गं.

त्याला चालायला शिकवलं माझ्या अंगणात. माझा जांभळा मालोंग त्याला छातीपासून पायापर्यंत बांधला, डोक्यावर टोपली. लांब टांगा टाकायचा आणि मालोंगात अडकून पडायचा. ओम्बाय म्हणाली, "अरे, तुझ्यापेक्षा बाई मी बरी दिसते!" मग ती त्याच्यापुढे कंबर हलवत चालून दाखवायला लागली आणि आम्ही पोट धरून हसलो. वर्षभरात दादाच्या घरचं असं मोकळं कोणी हसलं नव्हतं. वहिनीसुद्धा हसली.

बांधावर मात्र आम्ही खाली बघत भराभर चालत होतो. आणि तू पुढे आलीस, लवंगा घेऊन. पोरग्याने फडका डोळ्यांपर्यंत ओढला. तू त्याच्या पाठीवरून हात फिरवलास आणि म्हणालीस, "दाढेचं दुखणं लई वाईट, बाई." शहरात पोचल्यावर तो रडला म्हणे. फोनवर म्हणाला, "बाबो, तोनिना आत्याला सांगून टाक." आत्याला तो बाबो म्हणतो, पण तुझं नाव घेताना घरच्या भीतीने नेहमी हळू आवाजात बोलायचा, त्या दिवशी मोठ्याने बोलला. मी म्हटलं, योग्य वेळ आली की सांगेन. योग्य वेळ दादाने त्या लग्नात आणली.

तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस. म्हणून विचारलं नाही. एवढं साधं आहे ते. तुझा शब्द मी तुला न विचारता वापरला, घरची बादली उचलावी तसा.

आता तुमच्या खोपटीवर नवा नियम झालाय. प्रत्येक बाईने डोक्यावरचा फडका काढून, तोंड दाखवून जायचं. परपुरुषांसमोर, पोराटोरांसमोर. पहिल्या दिवशी कादिगिया आजीला अडवलं. सत्तरीची बाई. ती तिथूनच परत फिरली, घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसली. त्यानंतर आमच्यातली एकही गेली नाही. मासे कुजतायत, मीठ संपलंय. पुरुष कोंडलेले होतेच, आता आम्हीही. ज्या वाटेने आम्ही मोकळं चालत होतो, ती मी माझ्या हाताने बंद केली. समेटाची बैठक पुढे ढकलली म्हणतात. ढकलली नाही, मोडली.

उस्ताद सांगत होते, तुझी सासू तुझ्याशी बोलत नाही, आणि तुझ्या नवऱ्याने, समाऊनने, भर घरात विचारलं, "तू कुणाची आहेस, आमची की त्यांची?" समाऊनसारखा मवाळ माणूस असं बोलला म्हणजे किती लागलं असेल त्याला. तू काय उत्तर दिलंस ते उस्तादांना माहीत नाही.

आणि नासरूला शाळेतून काढून पहाऱ्यावर बसवलंय, असंही ऐकलं. खोटं असू दे. तेवढं तरी खोटं असू दे.

रागव. शिव्या दे. पण एक ओळ लिही.

गियामिला

तालाकुप
सोमवार, २० मार्च

तोनिना,

ओम्बायला काल मूठमाती दिली.

तुझ्या घरात काय चाललं असेल ते मला कळतं, म्हणून जे इकडे घडलं तेवढंच सांगते. शनिवारी सकाळी ती आली आणि म्हणाली, "मी जाते बाजाराला. फडका काढा म्हणाले तर काढीन. माझं टक्कल बघून त्यांचीच दृष्टी जाईल." मी म्हटलं, नको जाऊ. ती म्हणाली, "गियामिला बाई, तू लई हुशारी केलीस, आता मला थोडा मूर्खपणा करू दे. घरात मीठ नाही." जाताना तिला कोणी हटकलं नाही. परतताना पाऊस लागला, अंधारून आलं. ती एकटी, टोपली डोक्यावर, भिजलेला मालोंग अंगाला चिकटलेला. एकटी उंच आकृती. त्या आठवड्यात तुमच्याकडे अफवा होती ना, की तालाकुपचे पुरुष बायकांचे कपडे घालून येणार?

खोपटीतून कोणी तरी ओरडलं, "थांब! कोण आहे?"

तिने ओरडून सांगितलं, "मी आहे रे, मी!"

आणि त्या आवाजानेच तिचा घात केला. वारा उलटा, पाऊस, आणि तो ढोलासारखा आवाज. ज्या आवाजाला आम्ही जन्मभर हसलो.

ज्याने गोळी मारली तो टॉर्च घेऊन धावत आला, तिचं तोंड बघितलं, आणि बांधावर बसून असा ओरडला की आमच्याकडच्या घरात ऐकू आलं. उस्तादांनी मला नाव सांगितलं. मी त्यांना म्हटलं, परत सांगा. त्यांनी परत सांगितलं.

तोनिना, नासरूचा जन्म तुला आठवतो? मोठ्या लढाईच्या वेळी, शाळेच्या पडवीत, निळ्या ताडपत्रीखाली. तोफा चालू होत्या आणि तुझ्या कळा थांबेनात. ओम्बायने नाळ कापली, त्याला उलटा धरला, पाठीवर चापट मारली आणि म्हणाली, "रड की रे मेल्या, सगळे रडतायत." त्याच्या कानांवर पडलेला पहिला आवाज तिचा होता.

आम्ही तिला आंघोळ घातली. कादिगिया आजी, वहिनी, मी, आणि वाटेवरच्या सगळ्या. इतकी लांब की फळी पुरेना, पाय बाहेर येत होते. एरवी यावरून तिनेच पहिली थट्टा केली असती. जखम छोटी आहे गं. एवढी छोटी.

आता गावात जो तो एकच बोलतोय: म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो. आज बाईवर गोळी सुटली, उद्या पोरांवर सुटेल, रीत मोडली, वगैरे. मोठमोठ्या माना डोलवून बोलतात. खरं आहे त्यांचं. काळ सोकावला, आणि त्याला पहिला घास मी भरवला.

पण मला म्हातारी मेल्याचं दुःख आहे. मला तेच दुःख आहे.

एका भाच्याच्या उशाची बंदूक काढायला गेले आणि दुसऱ्या भाच्याच्या हातात गेली. देवाने मला एवढीच अक्कल दिली होती.

तो जेवत नाही म्हणाले उस्ताद. त्याला पेज दे, मीठ घालून. लहानपणी ताप आला की तेवढीच घ्यायचा.

गियामिला

तालाकुप
सोमवार, २७ मार्च

तोनिना,

हे पत्र नीट वाच, यात तुझ्या पोराच्या जिवाचं आहे. तुझा माझ्यावर राग असेल तर तो बाजूला ठेव, नंतर परत घे. तो कुठे जात नाही.

काल दादाच्या घरी दातू आले होते. अंगणभर पुरुष. दादा छाती ठोकून उभा: "आमच्या बाईचं रक्त सांडलंय. आमची इभ्रत गेली. आता सुलुनचा तो पोरगा आम्हाला पाहिजे." जी ओम्बाय जिवंतपणी याच्या दारात मूठभर भाताला उभी राहिली तर कुत्रं हाकलल्यासारखं करायचा, ती मेल्यावर एकदम "आमची बाई" झाली.

दातूंनी रीतीप्रमाणे विचारलं, "रक्ताचा धनी कोण?"

दादा म्हणाला, "मी. घराण्यातला थोरला."

मी बायकांत बसले होते, पडद्यामागे. उठले आणि पुढे गेले. वहिनीने माझा मालोंग ओढला, तो तसाच ओढत नेला. मी म्हटलं, "दादा, ओम्बायच्या आईचं नाव काय?"

तो म्हणाला, "हे काय मधेच?"

"मधेच नाही. कबरीपाशी इमामांनी तिला आईच्या नावाने हाक मारायची होती. त्यांनी विचारलं, अमकीची लेक म्हणू? तुम्ही सगळे धनी एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलात. मग मागून, लांबून, आम्ही बायकांनी ओरडून सांगितलं. सिनाब. सिनाबची लेक ओम्बाय. तुला तिच्या आईचं नाव माहीत नाही आणि तू तिच्या रक्ताचा धनी?"

दादा दाढी खाजवायला लागला.

मी म्हटलं, "तिला नवरा नाही, मूल नाही, भाऊ नाही. तिच्याबरोबर जी चालली, जिने तिला आंघोळ घातली, ती तिची. आम्ही वाटेवरच्या बायका तिच्या रक्ताच्या धनी. सूड घ्यायचा की सोडायचा, आम्ही ठरवू."

एक जण मागून म्हणाला, "बाई रक्ताची धनी? असं कधी झालंय का?"

कादिगिया आजी, जी तीन आठवडे भिंतीकडे तोंड करून बसली होती, ती पडद्याआडून म्हणाली, "बाईवर गोळी तरी कधी झाली होती का रे?"

दातूंनी पानाची पिंक टाकली. मग म्हणाले, "गियामिला, तू बोलतेस ते मला पटतं. पण सुलुनवाले तुझ्यावर विश्वास का ठेवतील? तू सोडलं म्हणशील, आणि मागून आणखी कुणाला मालोंग नेसवून पाठवशील. तुझा शब्द तिकडे खोटं नाणं झालाय." भर अंगणात म्हणाले. माझा सख्खा भाऊ खाली मान घालून हसला. मी ऐकून घेतलं, कारण खरं होतं.

त्यांनी असा तोडगा काढलाय. या शनिवारी दुपारी, गिरणीत. दोन्हीकडचे म्हातारे येतील. मी सगळ्यांसमोर सांगायचं, पाहुणी कोण होती आणि कुणी कुणाला फसवलं. मग म्हणायचं की ओम्बायचं रक्त आम्ही सोडलं. आणि मग सुलुनच्या एका तरी बाईने उभं राहून म्हणायचं, "हिचा शब्द मी घेते." एकीने. ते झालं तर दादाला आणि त्याच्या माणसांना नासरूच्या केसाला धक्का लावता येणार नाही. नाही झालं तर ओम्बाय दादाची, आणि पुढचं तुला माहीत आहे.

ती एक बाई दुसरी कोण असणार? तिकडे मला ओळखणारी तू एकटी, आणि मी फसवलेली पण तूच.

तुला घरातून निघू देतील का, मला माहीत नाही. पहिल्यांदा सासूसमोर शब्द दिलास तेव्हा तो मी मातीत घातला; आता परत माझ्याच शब्दाची हमी तुझ्याकडून मागते आहे. माझ्या जागी दुसरी असती तर तिला लाज वाटली असती. मला वाटते, पण लाज धरून बसले तर पोरगा जाईल.

कुसाइनचा निरोप आला. गोदीवर मासे उतरवतो. सगळं कळलंय त्याला. म्हणाला, "बाबो, मी परत येतो. नासरूच्या बदल्यात मला द्या." मी त्याला झापलं. म्हटलं, तू इंजिनं खोल. तुला वाचवायची किंमत एवढी झालीय की आता तुला मरायची परवानगी नाही.

माझ्यासाठी येऊ नकोस. नासरूसाठी ये.

गियामिला

तालाकुप
शुक्रवार, ३१ मार्च

तोनिना,

तुझं काहीच उत्तर नाही. उस्ताद म्हणाले, पत्र तू हातात घेतलंस, ओट्यावर ठेवलंस आणि तांदूळ निवडत राहिलीस. ठीक आहे. परत दिलं नाहीस, एवढ्यावर मी आज जेवले.

उद्या मी निघते. बाकीच्या येतो म्हणत होत्या, मी नाही म्हटलं. तुमच्या खोपटीवर अजून पोरंच बसलीयत, घाबरलेली. घाबरलेल्या पोरासमोर बायकांचा घोळका नेणार नाही मी. आधी एकटी जाईन. मी पलीकडे गेलेली दिसली की त्या येतील.

ओम्बायची टोपली घेणार आहे. तिच्यात ते मीठ अजून आहे, भिजून दगड झालेलं. आणि तुझ्या लवंगा घेतल्यात. ज्याच्यासाठी तू आणल्या होत्यास त्याने घेतल्या नाहीत, मला ठेवून घ्यायचा हक्क नव्हता.

एक गोष्ट ठरवलीय, ती तुला आधीच सांगते, म्हणजे तिथे बघून तू दचकणार नाहीस. वहिनीला सांगितलं तर ती तोंडावर हात ठेवून रडली, कादिगिया आजी "अल्ला, अल्ला" करत बसली. मी उद्या डोक्यावर काही घेणार नाही. केस मोकळे सोडून बांधावरून चालणार आहे, आपल्या अंगणापासून गिरणीपर्यंत. पांढरे झालेत सगळे, विरळही झालेत. आईच्या मयतीला सोडले होते, त्यानंतर बाहेरच्या माणसाने कधी पाहिले नाहीत. उद्या सगळे पाहतील. पण लांबूनही दिसेल की येतेय ती बाई आहे, म्हातारी आहे, आणि तिने काही लपवलेलं नाही. पोरांना ओरडून विचारावं लागणार नाही, आणि मला ओरडून सांगावं लागणार नाही.

मला ठाऊक आहे, याने ओम्बाय उठून बसणार नाही. नासरूला आता मास्तर व्हावंसं वाटेल की नाही, तेही माहीत नाही. त्या चटईवर आपण दोघी बसणार होतो, तू पिवळा मालोंग काढून ठेवला होतास ना त्यासाठी? मी पण नवा शिवला होता. तो ओम्बायला नेसवला. लांबीला कमी पडला.

नासरू आला तर त्याला माझ्याजवळ येऊ दे. मी काही बोलणार नाही त्याला. टोपली त्याच्या हातात देईन फक्त. ती त्याने गिरणीपासून आमच्या बाजूला, ओम्बायच्या घरापर्यंत न्यायची, आम्हा बायकांच्या मधोमध चालत. पुरुषाच्या कपड्यात, तोंड उघडं ठेवून. त्या वाटेने पुरुष नेलाच आहे मी. या वेळी दातूंना सांगून नेईन.

आणि तोनिना, तू आलीस तर फडका नीट घे. तुझा तो हिरवा, काठाचा. घट्ट गुंडाळ, केसाची बटही बाहेर दिसू देऊ नकोस. खोपटीवर कोणी काढ म्हणाला तर त्याला सांग, उघड्या डोक्याची पुढे गेलीय, तिच्याकडे बघा. तू डोकं झाकून ये. तुला ते उघडं करायचं काही कारण नाही.

गियामिला